फिनेलचा वास आणि निळा मासा

फिनेलचा वास आला की मला तो मासा आठवतो, आणि खरं तर फिनेलचा काहीच दोष नव्हता. सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. तिथे समुद्राच्या पाण्याच्या टाकीत बोटाएवढा, निळाशार, पिवळ्या शेपटीचा मासा होता. डॉक्टरबाई आठवडाभर गावाला जाताना म्हणाल्या, “पाणी आटलं की साधं पाणी घाला. डोकं चालवू नका.” मी चालवलं. समुद्रातल्या जिवाला साधं पाणी कसं द्यायचं, म्हणून टाकीसाठी आणून ठेवलेलं समुद्री मीठ रोज पाण्यात विरघळवून ओतत राहिले. मासा आधी दगडाआड जाऊन बसला, मग एका सकाळी तरंगलाच. टाकीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, पाणी उडतं, मीठ नाही उडत.” डॉक्टरबाई परतल्या त्या थेट साफसफाईच्या मावशींवर डाफरल्या, “फिनेलचा हात टाकीत घातलात ना?” मावशींनी स्वतःचे तळवे हुंगले आणि हळूच म्हणाल्या, “असेल, बाई.” मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले. मावशींचं काम गेलं. परवा वारज्याच्या भाजी मंडईत त्या भेटल्या. म्हणाल्या, “त्या माशाचं अजून वाईट वाटतं गं मला.” मी म्हणाले, “जाऊ द्या हो मावशी, होतं कधी कधी.”