पंधरा अँपिअरचं बटण

विजेची गाडी घेतल्यावर मला भेटेल त्याने एकच प्रश्न विचारला, एकदा चार्ज केली की किती जाते. मी कंपनीचा आकडा सांगायचे आणि समोरचा मान डोलवायचा. तो आकडा खरा नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण आपल्याच पैशाने घेतलेल्या वस्तूची बदनामी कोण करतं. हा आकडा बहुधा एखाद्या सडपातळ माणसाने एसी बंद ठेवून, सपाट रस्त्यावर, सायकलच्या वेगाने गाडी चालवून काढलेला असावा. मी सडपातळ नाही. आणि एप्रिल महिन्यात नगरहून जामखेडला एसी बंद ठेवून जाऊन दाखवणाऱ्याला मी ही गाडी बक्षीस द्यायला तयार आहे.

गाडी घेतली होती ती जामखेडसाठीच. तिथे माझे वडील, पप्पा, एकटे राहतात. पेट्रोलच्या गाडीने दर रविवारी जाणं खिशाला जड व्हायला लागलं होतं, आणि एसटीने गेलं की सगळा दिवस स्टँडवरच जातो.

आई गेली तेव्हा पुण्याचा माझा भाऊ म्हणाला होता, घर बंद करू आणि पप्पांना घेऊन जाऊ. पप्पा जन्मभर मोजणी खात्यात होते. तालुक्यातल्या कुठल्या बांधाला कुठे दगड पुरलाय हे त्यांना अजून तोंडपाठ आहे, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी वाटणीच्या भांडणात लोक त्यांनाच विचारायला येतात. त्यांनी घर सोडायला साफ नकार दिला. बरीच वादावादी झाल्यावर त्यांनी स्वतःच अट घातली. डोकं ठिकाणावर आहे तोवर मी इथे. ज्या दिवशी विसरायला लागेन, त्या दिवशी तुम्ही न्याल तिथे येईन. भावाने ती अट लगेच मान्य केली. मला त्या वेळी ती फार शहाणपणाची वाटली होती.

तर माझा रविवार असा असायचा. सकाळची उपासना सुटली की चर्चच्या आवारातूनच निघायचं. जामखेड आमच्याच जिल्ह्यातलं, पण वाटेत बीड जिल्हा लागतो. कडा, आष्टी मागे टाकून पुन्हा आपल्या जिल्ह्यात शिरायचं. पूर्ण भरलेल्या गाडीत जाऊन परत येणं कागदावर जमतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात परतताना वारा समोरून येतो आणि गाडी बॅटरी अशी खाते की शेवटच्या टप्प्यात मी स्टिअरिंगवर पुढे वाकून बसते, जणू त्याने गाडी हलकी होणार आहे. वाटेत एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे. तो कधी चालू असतो, कधी बंद असतो. चालू असला तर त्याच्यासमोर जेवायला आलेल्या कुणाची तरी डिझेलची गाडी लावलेली असते. ॲप मात्र कायम सगळं आलबेल असल्याचं सांगतं. म्हणून मी ठरवलं, चार्जिंग पप्पांकडेच करायचं. दुपारी जेवायच्या आधी केबल लावली की चहापर्यंत परतीपुरतं निश्चिंत होता येतं.

पडवीत पंधरा अँपिअरचा एक पॉइंट होता, आईच्या काळात गिझरसाठी काढलेला. पहिल्यांदा केबल लावली तर चार्जरवर लाल दिवा. घराला अर्थिंगच नव्हतं. वायरमनने अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी सोडली आणि सांगून गेला, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, कोरडा पडला की गाडी वीज घेणार नाही. जामखेडच्या उन्हाळ्यात माणसांना टँकरची वाट बघावी लागते, तिथे माझ्या गाडीला पाणी. पण पप्पांनी ते मनावर घेतलं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी ते बादलीत साठवायचे आणि संध्याकाळी खड्ड्यात ओतायचे. मी आले की मला तिथे नेऊन ओल दाखवायचे.

पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मी जायची, जेवायची, त्यांचे कपडे आवरायची, औषधं बघायची, आणि पाचच्या चहाला गाडी भरलेली असायची. पप्पा केबल काढायचे, मोजणीची साखळी गुंडाळावी तशी पीळ न पडू देता गुंडाळायचे आणि डिकीत ठेवायचे. मी निघायची. या बेतावर मी भलतीच खूश होते. मला वेळ वाया घालवलेला चालत नाही. तासाभराचं काम दोन तास करणाऱ्या माणसांशी माझं पटत नाही, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

मग पावसाळ्याच्या सुमारास एका रविवारी चहा पिऊन गाडीत बसले, तर पडद्यावरचा आकडा मी आले तेव्हा होता त्याच्या जरासाच वर. त्यावर नगर गाठणं शक्य होतं, पण मला धीर झाला नाही. पुन्हा केबल लावली. अंधार पडला. त्या रस्त्यावर अंधारात मी गाडी चालवत नाही, म्हणून मुक्काम केला आणि पहाटे निघाले. मला वाटलं, दुपारी लाइट गेली असेल. पुढे दोन आठवड्यांनी तेच झालं. या वेळी मी व्होल्टेजवर खापर फोडलं आणि वायरमनला पुन्हा बोलावलं. त्याने मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. पप्पांनी त्याला चहा करून दिला.

तिसऱ्या वेळी मी दुपारीच उठून पडवीत गेले. केबल जागेवर होती. बटण बंद होतं.

पप्पा म्हणाले, घरात शिरताना बाहेरची बटणं बंद करायची सवय, हात गेला असेल. ते पटण्यासारखं होतं, लहानपणी आम्ही दोघांनी दिवा चालू ठेवला म्हणून खूप बोलणी खाल्ली आहेत. मी बटणावर चिकटपट्टी लावली. पुढच्या खेपेला पट्टी नीट सोडवून बाजूला भिंतीवर लावलेली होती आणि बटण बंद. मी विचारलं तर ते म्हणाले, ध्यानात राहिलं नाही.

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरले. रात्री भावाला फोन केला, तर तो म्हणाला, सुरुवात अशीच होते. त्यानंतर मी पप्पांकडे बघायची ती दुसऱ्याच डोळ्यांनी. दूध उतू गेलं, विसरले. चष्मा शोधताहेत, विसरले. तोच चष्मा मी स्वतः दिवसातून कितीदा शोधते हे तेव्हा मनात आलं नाही. पावसाने दडी मारली तरी अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल एकदाही कमी झालेली नव्हती, तीही मी दर रविवारी बघत होते आणि मला दिसत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ पुण्याहून आला. आम्ही दोघांनी फोनवर सगळं ठरवून टाकलं होतं. नगरला डॉक्टरांना दाखवायचं, मग पप्पांनी काही दिवस माझ्याकडे राहायचं, मग पुण्याला. घर भाड्याने द्यायचं. आल्या आल्या मी गाडीला केबल लावली. जेवणं झाल्यावर भावाने विषय काढला. तो चांगलं बोलतो, ऑफिसात त्याचं तेच काम आहे. आवाज चढवला नाही, आईची आठवण काढली, आणि शेवटी हळूच म्हणाला, पप्पा, अट तुमचीच होती.

पप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बटणाचं याला तू सांगितलंस का. मी हो म्हटलं. मग ते भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, रागावले. खरं तर ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो कशाने पडलाय हे मला कळत नव्हतं.

"मी इसरत न्हाई," ते म्हणाले. "बटन मी मुद्दाम बंद करतो."

भावाला आधी ते ऐकूच आलं नाही, की ऐकून कळलं नाही, कोण जाणे. त्याने विचारलं, मुद्दाम म्हणजे.

"गाडी भरली की ही निघती," पप्पा म्हणाले. "न्हाई भरली की ऱ्हाती."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. ज्या माणसाच्या शब्दावर गावातली भांडणं मिटतात तो आपल्या दोन मुलांसमोर चोरी पकडल्यासारखा बसला होता. मला पहिल्यांदा राग आला, हे सांगून टाकते. मुक्कामाच्या त्या सगळ्या पहाटा, कामावर उशीर, वायरमनचे हेलपाटे, रात्र रात्र घेतलेली धास्ती, सगळं डोळ्यांसमोर आलं. म्हणावंसं वाटलं, नुसतं राहा म्हणाला असता तर. पण ते मला म्हणता आलं नाही. कारण ते राहा म्हणाले असते तर मी काय उत्तर दिलं असतं हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं असतं, पप्पा, उद्या ऑफिस आहे. आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. मला राहायला लावेल असं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, एक ते बटण सोडून. आता घर वाचवायचं तर तेच आम्हाला देऊन टाकणं भाग होतं, आणि त्यांनी दिलं.

भाऊ उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आत आला आणि म्हणाला, डॉक्टरची गरज नाही. मग त्याने पप्पांना कुठल्याशा जुन्या बांधाचं काहीतरी विचारलं आणि पप्पा सावकाश, खाणाखुणांसकट सांगत बसले. मला सुटल्यासारखं झालं आणि तरी रडू येत होतं. चहा मी केला. त्यानंतर भाऊ पुण्याला निघून गेला.

मी गाडीत बसून पडदा बघितला. गाडी पूर्ण भरलेली होती. त्या दिवशी बटणाला कुणी हात लावला नव्हता.

पप्पा बाहेर आले. केबल काढली, गुंडाळली आणि डिकीत ठेवली. मी म्हटलं, येते. ते नेहमी हो म्हणतात आणि रस्त्यात जपून जा म्हणतात. त्या दिवशी ते डिकीचं झाकण हाताने वर धरून उभे राहिले. माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. परीक्षेच्या फीपासून लग्नापर्यंत मागत मीच आले.

"आज ऱ्हाती का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मी राहते म्हटलं. ते बरं म्हणाले, आणि पुढे बराच वेळ डिकीचं झाकण लावायचं त्यांना सुचलं नाही.