लेकराचा डोळा चुकवून

आमच्या गावाकडं, वाशीला, लेकराला मागं ठेवून निघायचं असलं की त्याचा डोळा चुकवून निघतात. कुणीतरी त्याला शेळीची पिल्लं दाखवायला परसात नेतं, तेवढ्यात निघणारा चपला हातात घेऊन बाहेर. डोळ्यांदेखत गेलं तर लेकरू हाय खातं, असं आई मानते. मला वसतिगृहात सोडलं तेव्हा तिनं मला नळावर तांब्या भरायला पाठवलं होतं. परत आले तर खोलीत कुणी नव्हतं.

जर्मनीत माझ्या लेकीच्या बालवाडीत सगळं उलटं. आईनं खाली बसून, लेकराच्या डोळ्यांत बघून सांगायचं, "मी निघते, तुझं जेवण झालं की येते." मग ते कितीही रडो. नंतर लेकरू खिडकीतून हात हलवतं, आईनंही हलवायचा. सुरुवातीला मला तिथल्या बाईंचा संतापच यायचा. काळीज आहे की दगड! पण लेक हळूहळू रडायची थांबली. सांगून गेलेलं माणूस परत येतं, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

गेल्या उन्हाळ्यात तिला घेऊन माहेरी आले. आई तिला दुधात भाकरी कुस्करून भरवायची, डोक्याला तेल चोपडायची, आणि ही दिवसभर आईचा पदर धरून घरभर फिरायची. मी आईला शंभरदा बजावलं, "आम्ही निघताना समोर राहा. तिला हात हलवायचा असतो."

"व्हय बाई, व्हय," आई म्हणाली.

निघायच्या सकाळी आई गायब. भाऊ म्हणाला, शेतात गेली. गाडी दारात उभी, विमान गाठायचं, आणि लेक उंबऱ्यावर बसून राहिली. "आजी आली की निघू." शेवटी भावानं तिला उचलून गाडीत घातलं. ती आजीला हाका मारत मागच्या काचेतून हात हलवत राहिली. दारात कुणी नव्हतं. मला आईचा इतका राग आला की येरमाळा मागं पडलं तरी तो उतरला नाही.

तेव्हापासून लेक आजीशी बोलत नाही. फोनवर आजी दिसली की खेळणी उचलून दुसऱ्या खोलीत जाते.

एका रविवारी फोनवर मी आईवर भडकलेच. तिनं पदर तोंडाला लावला.

"शेतात कुठली जातीय गं. शेजारच्या दाराआड उभी होते. समोर आले असते तर मला तिला सोडवलंच नसतं. लई रडलं असतं लेकरू."

मला वाटलं, हे कळलं तर लेकीच्या मनातली अढी जाईल. तिला मांडीवर घेऊन सांगितलं, आजी तुला विसरली नव्हती, दाराआडून तुलाच बघत होती.

ती म्हणाली, "म्हणजे मी हाका मारत होते, ते तिला ऐकू येत होतं?"

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. दर रविवारी ती विचारते, "झोपली का गं?" मी म्हणते, "व्हय, आत्ताच झोपली." पलीकडच्या खोलीतून लेकीच्या खेळण्याचा आवाज येत असतो. आई तो ऐकत राहते, आणि मी फोन ठेवत नाही.