झोप लागली ते घर

लग्नाला आठ महिने झाले तरी आमचं घर ठरत नव्हतं. मी रांजणगावला एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला, नवरा दौंडला रेल्वेत. आठवडाभर मी निमोण्याला आईकडे, तो दौंडला त्याच्या आई-वडिलांजवळ. रविवारी आम्ही गाडीवर खोल्या बघत फिरायचो. शिरूरच्या खोल्या त्याला कोंदट वाटायच्या, दौंडच्या मला. खरं तर दोघांनाही आपापल्या माणसांपासून जरा सुटायचं होतं, पण ते कुणीच बोलत नव्हतं.

थंडीतल्या एका रविवारी कुणीतरी इनामगावचं घर सुचवलं. उसाला तुरे आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ते धुरकट पांढरे तुरे डुलत होते. आपली गाडी पुढं जातेय की ऊसच मागं सरकतोय, कळत नव्हतं.

घरमालक आबा एकटेच राहायचे. म्हणाले, "खोल्या दोनच हायती. पाणी सकाळच्याला येतं. बघा, पटलं तर." मग नदीकडच्या उंचवट्याकडं हात करून म्हणाले, "तिथं खणलं तवा लई जुन्या लोकांची घरं निघाली. गोल गोल. त्यास्नीबी हितंच बरं वाटलं आसंल."

आबा आणि नवरा मागची खोली बघायला गेले. मी ओट्यावर टेकले. ऊन कोवळं होतं, लांब कुठंतरी विहिरीवरची मोटार चालू होती. डोळे कधी मिटले कळलंच नाही. लग्नातली आमची भांडी अजून खोक्यांत बांधून पडली होती. स्वप्नात ती घोड नदीच्या पाण्यावरून हळूहळू वाहत चालली होती. पातेली, परात, तांबे. मी काठावर उभी होते आणि मला जराही काळजी वाटत नव्हती.

जाग आली तेव्हा अंगावर आबांची घोंगडी होती आणि ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. आबा आत चहा ओतत होते. नवरा हळूच म्हणाला, "मी नाही म्हणून सांगितलंय. तुलाही लांब, मलाही लांब."

"मला इथंच राहायचंय."

"का पण?"

"झोप लागली."

"एक डुलकी लागली म्हणून घर घ्यायचं?"

आईकडे मी कंपनीचा विचार करत पडायचे, दौंडला गेले की सासूबाईंच्या हाकेकडं कान. इतकी बेफिकीर मी लहानपणानंतर झोपलेच नव्हते. हे त्याला सांगायला गेले आणि रडूच आलं. चहा आला. त्यानं तो बशीत ओतला. मग म्हणाला, "आबा, चुना कधी मारून मिळंल?"

"त्यात काय, उद्याच मारतो की!"

आई रुसली. सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत. पावसाळ्यात फाट्यापर्यंतच्या चिखलापायी माझी कंपनीची बस चुकायची, तेव्हा मी स्वतःलाच शिव्या घालायचे. तरी राहिलो. आता चौथं वर्ष चालू आहे.

मागच्या महिन्यात आबा म्हणाले, "शेजारचे दोन गुंठे देतो, बांधा तुमचं." मी काही बोलायच्या आत नवरा चपला काढून रानात उतरला होता. मान खाली घालून, पावलांनी लांबी मोजत तो उसाकडं निघाला होता.