विरजण कुणाच्या घरचं

विरजणाचा आंबूस वास आला की सत्तरच्या दशकातली, राणीसावरगावजवळच्या आमच्या खेड्यातली एक सुट्टी आठवते. मुंबईत शिकत होतो. कंपायलरवरचा, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवरचा, प्रबंध घेऊन घरी, बौद्धवाड्यात, आलो होतो आणि क्लोजरपाशी अडलो होतो. क्लोजर म्हणजे असं फंक्शन, जे जिथं तयार झालं तिथली मूल्यं सोबत बांधून नेतं. दोन फंक्शनं एकच काम करतात, पण आतलं गाठोडं वेगळं. मग त्यांचा टाइप, म्हणजे प्रकार, एक की दोन? गाठोडं टाइपात लिहिलं तर एकाच्या जागी दुसरं चालत नाही, न लिहिलं तर मेमरीत जागा किती ठेवायची ते कंपायलरला कळत नाही. डोकं चालेना. शेवटी वैतागून वहीत गाठोडं टाइपातच लिहून टाकलं. तेवढ्यात गावात भाड्यानं राहणाऱ्या नव्या मास्तरांची बायको दारात आली. दोन दिवसांपूर्वी तिनं आईकडून विरजण नेलं होतं. "मावशी, घरमालकीण दही खाऊन लय ग्वाड म्हणाल्या. मग विरजण कुणाचं इचारलं. मी तुमचं सांगितलं, तर सगळं उकिरड्यावर ओतलं." आई चुलीपुढूनच म्हणाली, "बाई, दुधाचं दही झालं ना? मग कुणाचं ते सांगायचं कशाला?" मी वहीतली ओळ खोडली. पुढं मी केलेल्या कंपायलरात गाठोडं वेगळं ठेवून फंक्शनाजवळ फक्त त्याचा पत्ता असतो; टाइपात ते दिसतच नाही. लोक त्याला सुबक म्हणतात. ते मी टाइपांसाठी केलं की आईसाठी, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि आई ते चिडून म्हणाली होती की घाबरून, हेही नाही.