लाल दगडाच्या घरातला राउटर

जगदेवी खटकचिंचोळीची सून. माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, त्यामुळं आठवीच्या वर कुणी शिकवलं नाही. नवरा काशाप्पा गवंडी. लग्नानंतरची बरीच वर्षं तो कामासाठी हैदराबादेतच असायचा. तो तिकडं आणि ही इकडं, आणि मधे बोलायचं तर तालुक्याच्या गावी, भालकीला जाऊन फोन करायचा. या रोजच्या हेलपाट्यांना कंटाळून तिनं पंच्याण्णव साली गावातच एसटीडी बूथ काढला. काचेचं एक खोपट, एक फोन आणि एक लाकडी बाक, एवढंच भांडवल.

त्या बूथमधून गावाची माणसं पुण्याला, हैदराबादला, सोलापूरला बोलायची. कुणाला मुलगा झाला, कुणाचा पाय मोडला, सगळं आधी जगदेवीच्या कानावर यायचं. पण गावगप्पांपेक्षा तिचं ध्यान फोनकडं जास्त. रिसीव्हर उचलला की नुसत्या आवाजावरून ती सांगायची, दोष तारेत आहे की यंत्रात. लाइनमन दुरुस्ती करून निघाला, तर ती त्याला थांबवायची. "आदी बोलून बघा, मग जावा," म्हणायची. लाइनमनला याचा राग यायचा, पण तिच्या बूथची लाइन तालुक्यात सगळ्यात कमी बंद पडायची, हेही त्याला कबूल करावं लागायचं.

पुढं मोबाइल आले आणि बूथ बसला. तोवर काशाप्पाला बीदरला बारमाही काम मिळू लागलं होतं. दोघं बीदरला लागून असलेल्या नौबादला आले. तिथं काशाप्पानं स्वतःच्या हातानं तीन खोल्यांचं घर बांधलं, लाल जांभ्या दगडाचं. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधलेला माणूस. स्वतःच्या घरात त्यानं कुठं कसर ठेवली नाही. आतल्या भिंतीसुद्धा दीड फुटाच्या. उन्हाळ्यात बाहेर ऊन रणरणत असलं तरी मधल्या खोलीत पंखा लावावा लागत नसे.

दोन हजार अकरा साली मुलगी अंबिका बाळंतपणाला माहेरी आली. ती हैदराबादच्या एका कंपनीत कामाला होती. परदेशातले डॉक्टर रोग्याची हकीगत बोलून ठेवायचे, ती कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि बिनचूक टाइप करून द्यायची. जावई सुनीलकुमारही हैदराबादलाच नोकरीला. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि कंपनीचं बोलावणं आलं. तान्ह्या पोरीला घेऊन एका खोलीत राहायचं, दिवसभर तिला परक्या बाईकडं सोडायचं, हे अंबिकेला झेपेना. तिनं साहेबाला विनंती केली, सहा महिने घरून काम करू द्या. कंपनीनं लॅपटॉप दिला आणि अट घातली. दिलेली फाइल दिलेल्या वेळेत परत आली पाहिजे. आधी काही दिवस बघू, मग ठरवू.

घरात टेलिफोन होताच, त्यावर ब्रॉडबँड घेतलं. टेलिफोन बाहेरच्या खोलीत, आणि बाळ झोपायचं मागच्या खोलीत. सोबत आलेल्या मोडेमला तारेनंच जोडावं लागायचं. मग बाहेरच्या खोलीपासून मधल्या खोलीतून मागच्या खोलीपर्यंत निळी तार जमिनीवरून ओढली. दोन्ही दारांत ती चिरडायची. तिसऱ्या दिवशी काशाप्पाचाच पाय अडकला, तार निसटली आणि अर्धी पाठवलेली फाइल गेली. पुढच्या आठवड्यात इंटरनेट आपल्या आपण चार वेळा गेलं. कंपनीचं पत्र आलं: पुढचे पंधरा दिवस बघतो, एकही फाइल चुकली तर ऑफिसात हजर व्हा.

अंबिका लॅपटॉप मिटून बसून राहिली. पोरगी मांडीवर झोपलेली. जगदेवीनं पत्रात काय लिहिलंय ते दोनदा समजावून घेतलं आणि मग विचारलं, "फोन उचलून बघितलीस का?"

"फोनचं काय त्यात, माय? नेट गेलंय."

"एकाच तारेतून येतंय न्हवं दोन्ही?"

ती उठली, रिसीव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले. खरखर होती. बारीक, पण होती. बोलणाऱ्याला ती जाणवली नसती. तिनं लाइनमनला बोलावून घेतलं. तो चन्नबसप्पा नावाचा बराच वयस्क माणूस होता, निवृत्तीला आलेला. त्यानं आधी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. जगदेवीनं त्याच्या हातात रिसीव्हर दिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं शिडी मागितली. पन्हाळीखाली तारेला जोड दिलेला होता, तो गंजून हिरवा झाला होता. त्यानं जोड काढून टाकला आणि खांबापासून घरापर्यंत अखंड तार टाकली. जाताना जगदेवीला विचारलं, अक्का, तुम्ही आमच्या खात्यात होता काय? ती हसली आणि त्याला चहा दिला.

खरखर गेली, इंटरनेट टिकू लागलं. पण जमिनीवरची तार होतीच. अंबिका म्हणाली, वायरलेस राउटर घेऊ या, म्हणजे तारेशिवाय कुठंही बसून काम होईल. दुसऱ्या दिवशी मायलेकी बाळाला घेऊन बीदरच्या बाजारात गेल्या.

दुकानदार शिवशंकर तरुण आणि बोलका. त्यानं काळाभोर, तीन अँटेनांचा, निळे दिवे लुकलुकणारा डबा काउंटरवर मांडला. सगळ्या गल्लीला रेंज देतो म्हणाला. अंबिकेला तो आवडला. जगदेवीनं तो उलटून पालटून बघितला. तिला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, आणि कळतंय असं दाखवायची तिला गरजही वाटली नाही. ती एवढंच म्हणाली, घरी चालला नाही तर सात दिवसांत बदलून द्याल, असं बिलावर लिहून द्या. शिवशंकर जरा अडखळला. जगदेवी उठायला लागली तसं त्यानं लिहून दिलं.

घरी आल्यावर कळलं की या डब्यात टेलिफोनची तार बसतच नाही. जुना मोडेम ठेवायचा आणि त्याच्यापुढं हा जोडायचा. तेही केलं. बाहेरच्या खोलीत इंटरनेट झकास चालायचं. मधल्या खोलीत निम्मं, आणि मागच्या खोलीत काहीच नाही. त्यात वीज गेली-आली की राउटर मोडेमच्या आधी जागा व्हायचा आणि तसाच ताटकळत बसायचा. कुणीतरी उठून त्याचं बटण बंद-चालू करायचं, तेव्हा गाडी सुरू. त्या दिवसांत वीज दिवसातून दोन-तीनदा जायचीच.

पंधरातले चार दिवस सरले होते. अंबिका बाहेरच्या खोलीत बसून काम करायची, आणि मागं पोरगी रडली की फाइल तशीच टाकून धावायची. पाचव्या दिवशी तिनं सुनीलकुमारला फोनवर सांगून टाकलं की हैदराबादेत खोली बघून ठेवा. जगदेवीनं ते ऐकलं. पण ती लेकीला एवढंच म्हणाली, "खोली बघू दे त्यान्ला. आपलं दहा दिवस आपल्या हातात हाईत."

तिनं राउटर खोक्यात घातला आणि एकटीच निघाली. शिवशंकरनं कुरकुर केली, पण बिलावर त्याचंच अक्षर होतं. तो दुसरा डबा दाखवू लागला, चार अँटेनांचा. जगदेवीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं विचारलं, हे बिघडल्यावर लोक कुठं नेतात? शिवशंकरनं जुन्या शहरातल्या गुरुशांतप्पाचं नाव सांगितलं.

गुरुशांतप्पाचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पूर्वी तो रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. आता त्याच्यासमोर मोडेम-राउटरांचा ढीग पडलेला होता. जगदेवी स्टुलावर बसली आणि त्या ढिगाकडं बघत राहिली. आपल्या बापानं बाजारात मेंढरू घेताना विकणाऱ्याचं कधी ऐकलं नाही, हे तिला ठाऊक होतं. तो गुराढोरांच्या डॉक्टरला विचारायचा.

"अण्णा, मला दुरुस्ती न्हाई करायची. यातलं कोणचं तुमच्याकडं जास्ती येतंय, ते सांगा."

गुरुशांतप्पानं चष्मा वर केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मग तो खुलला. ढिगातले डबे एकेक उचलून तो सांगत गेला. हे तापून मरतात, कारण हवा जायला भोकंच नाहीत, दिसायला मात्र देखणे. ह्यांचा डबा चांगला, पण अडॅप्टर हलका; वीज कमी-जास्त झाली की तो जळतो आणि लोक डबा फेकून देतात. अँटेना किती, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं.

"आन् कोणचं येतच न्हाई?" तिनं विचारलं.

त्यानं साऱ्या ढिगावरून नजर फिरवली. "एक करड्या रंगाचं हाय. टेलिफोनची तार सरळ त्यालाच लागती, मोडेम-राउटर एकातच. खाली-वर जाळी. वीज आली की आपल्या आपण उभं राहतंय. तीन वर्षांत दोनच आले माझ्याकडं. पर मी बीदरचं सांगायलोय, जगाचं न्हाई."

"मला बीदरचंच पायजे," जगदेवी म्हणाली.

त्यानं कागदावर मॉडेलचं नाव लिहून दिलं. जाताना आणखी एक गोष्ट सांगितली: तुमचं घर लाल दगडाचं असेल तर कसलाही डबा घ्या, भिंतीपुढं त्याचं चालणार नाही. डबा भिंतीमागं नको, वाटेत ठेवा.

शिवशंकरकडं तो करडा राउटर माळ्यावर धूळ खात पडला होता. एकच अँटेना बघून कुणी घ्यायलाच तयार नव्हतं, म्हणाला. जगदेवीनं तो दुकानातच लावून बघितला, दोनदा वीज बंद करून पुन्हा चालू केली, आणि दोन्ही वेळा तो आपल्या आपण उभा राहिल्यावरच पिशवीत घातला.

घरी अंबिका लॅपटॉप हातात घेऊन खोलीखोलीतून फिरली आणि जगदेवी तिच्या मागं विजेच्या लांब वायरीला लावलेला राउटर धरून. मधल्या आणि मागच्या खोलीच्या दारावर काशाप्पानं हवेसाठी झरोका ठेवला होता. राउटर त्या झरोक्यात धरला, आणि मागच्या खोलीत बाळाच्या पाळण्याशेजारी लॅपटॉपवर रेंजच्या सगळ्या रेघा भरल्या. मधल्या खोलीतही भरल्या. पण झरोक्यापर्यंत टेलिफोनची तार आणायची, तर ती बाहेरच्या खोलीच्या दारातूनच, म्हणजे पुन्हा चिरडणार. दुसरी वाट भिंतीतून.

काशाप्पा संध्याकाळी कामावरून आला. जगदेवीनं सगळं सांगितलं. तो भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. दगडावरून हात फिरवला. या भिंतीत त्यानं खिळा सुद्धा ठोकू दिला नव्हता. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलं जायचं.

"हा दगड खाणीतून काढताना मऊ असतोय," तो म्हणाला. "हवेत राहिला की लोखंड. आता ह्याला भोक पाडायचं म्हणजे..."

आत पाळण्यात नात कुरकुरली आणि अंबिका तिला उचलून घ्यायला गेली. काशाप्पानं तिकडं बघितलं.

"तार किती जाडीची हाय?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी घेतली. दोन दगडांच्या सांध्यावर खडूनं खूण केली, म्हणजे दगड फुटणार नाही. छिन्नी आणि लांब पहार घेऊन सकाळपासून दुपार टळेपर्यंत तो एकाच भोकाशी बसला होता. अंबिका तेवढा वेळ त्याच्या शेजारीच, हेडफोन कानांवर घट्ट बसवून काम करत होती. भोक करंगळीएवढं झालं. तार ओढून घेतल्यावर त्यानं दोन्ही बाजूंनी चुना-सिमेंट असं भरलं की भोक शोधावं लागावं. लांबून एकदा बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. विजेसाठी जगदेवीनं कॉम्प्युटरवाल्याकडचा लहान बॅटरीचा डबा आणला. राउटर इतकी थोडी वीज खायचा की त्यावर तो तासन्‌तास चालायचा.

उरलेल्या दिवसांत फाइल एकही चुकली नाही. चौदाव्या दिवशी वीज सकाळी गेली ती दुपारीच आली. अंबिका मागच्या खोलीत, पोरगी मांडीवर, लॅपटॉप उशीवर. ऑफिसातून आलेली सगळ्यात लांब फाइल तिनं वेळेच्या आधी वीस मिनिटं पाठवली. मग पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आली आणि आईला सांगितलं. जगदेवी भाकरी थापत होती. तिनं पिठाचा हात पुसला आणि नातीला घेतलं.

कंपनीनं सहा महिन्यांची परवानगी दिली, आणि पुढं ती वाढवत नेली. महिन्याभरानं साहेबाचा फोन आला. घरून काम करणाऱ्या आणखी मुली घ्यायच्या आहेत, पण सगळ्यांची लाइन तुटते. तुमची तुटत नाही, तर तुम्ही काय केलं ते लिहून पाठवा. अंबिकेनं आईला बोलावलं. जगदेवी खुर्चीवर बसली, आणि काय विचारायचं, कुणाला विचारायचं, दुकानात काय करून बघायचं, बिलावर काय लिहून घ्यायचं, सगळं तिनं आपल्या भाषेत सांगितलं. अंबिका ते इंग्रजीत टाइप करत गेली.

"भिंतीचं पन लिही," जगदेवी म्हणाली. "तिकडं लाल दगड नसंल, पर भिंत तर असंलच."

अंबिकेनं तेही लिहिलं, खाली आईचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.