बाटलेलं पाणी

सरकारी कागदावर ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहायचं असतं. त्या दिवशी मी मुद्दाम दुसरा शब्द वापरला आणि तो माझ्याच माणसांच्या जिवावर बेतायची वेळ आली.

त्या शब्दाशी माझं जुनं वैर होतं. मी नऊ वर्षांची होते. भर उन्हाळ्यात आई गावातल्या बड्या जमीनदाराच्या विहिरीवर ताटकळत उभी होती. लांबून पाणी ओतणारं कुणी येईना, म्हणून तिनं स्वतःच दोराला हात लावला. मालकानं तिची घागर लाथेनं उडवली आणि ‘पाणी बाटवलं’ म्हणून गाव गोळा केलं. आमच्या बौद्धवाड्याला ती विहीर बंद झाली. आम्ही ओढ्यात झिरे खांदून गढूळ पाणी प्यायलो. माझा दोन वर्षांचा भाऊ त्या उन्हाळ्यात हगवणीनं गेला. तेव्हापासून मी मालकाचं वाईट चिंतत आले आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

पुढं शिकले, परभणीला आरोग्य खात्यात पाणी तपासायला लागले. आधी नमुना बाहेर पाठवायचा आणि निकाल यायच्या आत साथ आपलं काम उरकून जायची. मग ती छोटी बाटली आली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असायची. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेत ठेवायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर दुसऱ्या दिवशी बाटली काळी दिसायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव ताण होता. त्याच दिवसांत आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. वरच्या आळीत घरोघर जुलाब-उलट्या, मालकाचा नातू परभणीला सलाईनवर. बौद्धवाड्यात मात्र कुणालाच काही नव्हतं, कारण आम्हाला तोवर हातपंप मिळाला होता. खात्यानं मलाच पाठवलं. थंडी होती, म्हणून मालकाच्या विहिरीचं पाणी भरलेली बाटली मी फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधली आणि आईकडं मुक्काम केला. सकाळी फडकं सोडलं तर आत काळंकुट्ट. मला आनंद झाला. लेकरं आजारी आहेत हे ठाऊक असूनही झाला.

पारावर माणसं जमली होती. मी बाटली वर धरली.

“मालक, तुमचं पाणी बाटलंय.”

हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनात घोळवलं होतं. ते ऐकून त्याचं तोंड पडेल असं मला वाटायचं. पण त्यानं नुसते डोळे बारीक केले.

“बाटलं? कोन शिवलं?”

तोच प्रश्न गर्दीत फिरला. “इहिरीला कोन शिवलं?” बघता बघता सगळ्यांच्या माना बौद्धवाड्याकडं वळल्या. मी ‘जंतू’ म्हणाले असते तर त्यांनी औषध मागितलं असतं. मी ‘बाटलं’ म्हणाले आणि त्यांना आता माणूस हवा होता.

आईनं मागून माझा दंड धरला. “काय बोलून बसलीस गं माय! लोकं आधीच निमित्त हुडकायलेत. आता घरं ठेवतेत का आपली?”

पण आदल्या दिवशी मी एक गोष्ट हेरली होती. विहिरीपासून सहा हातांवर मालकानं नवा संडास बांधला होता. गावातला पहिला, पांढऱ्या फरशीचा, पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा.

“संध्याकाळपर्यंत थांबा,” मी म्हणाले. “कोण शिवलं ते मीच दाखवते.”

पाइपाची गळती शोधायला खात्यानं हिरवा रंग दिलेला असायचा. तो मी सगळ्यांदेखत त्या संडासात ओतला आणि वरून दहा-बारा बादल्या पाणी सोडायला लावलं. आमच्याकडं काळ्या मातीखाली भेगाळलेला मुरूम आहे, पाणी वाट काढतंच. तरी रंग आलाच नाही तर काय होईल, हे मला आणि आईला चांगलं कळत होतं. दुपारभर दर थोड्या वेळानं पोहरा वर यायचा आणि पाणी साधंच असायचं.

उन्हं कलताना पोहरा आला तो हिरवागार.

“मालक,” मी म्हणाले, “तुमच्याच घरचे शिवायलेत. रोज सकाळी, टमरेल घेऊन.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग बायका थुंकायला लागल्या, एक-दोघी तर भडाभडा ओकल्या.

दुसऱ्या दिवशी संडासाला कुलूप लागलं आणि इंजिन लावून विहीर उपसली. आता तळाचा गाळ काढून कपारी खरवडायच्या आणि वर जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची होती. हे काम दरसाल आमचीच माणसं करायची, तेव्हा पाणी बाटत नसे. मालकानं हाक मारली. एकही जण उठला नाही. आईनं तोंडाला पदर लावून विचारलं, “आमी शिवल्यावर बाटंल की, मालक?”

शेवटी तो स्वतः दोन पोरांना घेऊन धोतर खोचून खाली उतरला. मी काठावर उभी राहिले. माझं काम संपलं होतं, परभणीची गाडी निघून गेली, तरी थांबले. तो घमेलं भरून वर द्यायचा, दम खायला टेकायचा, की मी वरून बोट दाखवायची, “मालक, त्या कपारीत राहिलंय.” तो पुन्हा वाकायचा आणि नखानं उकरायचा. त्या कपारीत काहीही राहिलेलं नव्हतं.