काळ्या झग्यांची पावती

तो माणूस अजूनही संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खायला येतो आणि मला त्याच्या खाण्याचीच किळस येते. कंपनीचं दिवाळं वाजलं, कोर्टाने वर माणूस बसवला, पण याच्या भेळेतला कांदा काही कमी झाला नाही. चिंचेचं पाणी वरून मागून घेतो. भोवती दोन-चार जण उभे असतात आणि त्याची समजूत घातल्यासारखं बोलतात, की पोरगा हुशार, नशिबाने दगा दिला. नशिबाने म्हणे. मी बाजूने गेले की हात जोडतो, "काय काकी, बऱ्या ना?" मी मान हलवते आणि पुढे जाते.

आमच्याच आळीतला आहे तो. त्याच्या वडिलांनी माझ्या मुलाला शाळेत गणित शिकवलं. पुण्याला शिकला, नोकरी धरली, सोडली आणि मग हे नवीन काढलं, फॅन कन्व्हेन्शन. मला आधी काही कळलंच नाही. तेव्हा त्याने फोनवर फोटो दाखवले. परदेशी सिनेमातल्या, जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या वेडाने झपाटलेली ही पोरं, त्या पात्रांसारखे कपडे घालून एका हॉलमध्ये जमतात, तिकीट काढून. एखादा नट येतो, सह्या देतो, फोटो काढतात, वस्तू विकत घेतात. पुण्यात दोनदा केलं, बरं चाललं. आता रत्नागिरीत करायचं म्हणाला. आमच्या पोरांनी काय नुसते आंबेच मोजत बसायचं का, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं सुद्धा.

माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, पिको, फॉल, शाळेचे गणवेश. चार बायका माझ्याकडे नगावर काम करतात. त्याने तीनशे झग्यांची ऑर्डर दिली, कार्यक्रमात पोरांना विकायला. काळे, पायघोळ, डोक्यावर टोपी जोडलेली आणि आतून लाल अस्तर. कापड तो पाठवणार, शिलाई आमची. आगाऊ काही दिलं नाही आणि मी मागितलं नाही. मास्तरांच्या मुलाकडे कसं मागायचं? कागदावर काही लिहून घेतलं नाही. ब्लाऊजची ऑर्डरसुद्धा मी वहीत लिहिते, बाही किती, गळा किती. तीनशे झगे मात्र तोंडी.

चार बायकांतली एक काज-बटणाचं आणि हातशिलाईचं काम करायची. तिचं सांगायला हवं. ती सकाळी जेटीजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायची. तिथे बर्फाच्या पाण्यात पाच-सहा तास हात. बोटं पांढरीफटक, फुगलेली, नखांच्या कडा फाटलेल्या. दुपारी माझ्याकडे यायची तेव्हा आधी मोरीवर जाऊन साबणाने हात धुवायची, मग लिंबाने, मग परत साबणाने. कापडाला वास लागू नये म्हणून. त्या फाटलेल्या बोटांना लिंबू किती झोंबत असेल.  जयगडला एक बाई आपलं शिलाई मशीन विकत होती. मुलगा पोर्टवर लागला, आता तिला गरज नव्हती. ही एसटीने जाऊन मशीन बघून आली, चालवून आली, आणि शब्द देऊन आली. या झग्यांच्या पैशात ते मशीन बसत होतं. मशीन आलं की शेड बंद, घरात बसून शिवीन म्हणायची. दोन महिने दुसरं बोलणं नाही. मशीन कुठे ठेवायचं, खिडकीशी की दाराशी, इथपर्यंत तिचं ठरलं होतं.

दोन महिने आम्ही शिवलं. ऐन उकाड्यात ते काळं प्लास्टिकसारखं कापड, त्याचा भुसा नाकात जायचा, शिंकरलं तर काळं यायचं. शेवटची गाठोडी तो टेम्पोत घालून घेऊन गेला. म्हणाला, कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सगळा हिशेब.

कार्यक्रमाला मी गेले होते, आपलं काम बघायला. गावाबाहेरचा मोठा हॉल. चिपळूणहून, कोल्हापूरहून पोरं आलेली, आईबापांना घेऊन. पाहुणा नट आलाच नाही. त्याचे अर्धे पैसे पोचले नव्हते, तो मुंबईहून निघालाच नाही. ते कळलं तसं साउंडवाल्याने आपले खोके काढले. मग मांडववाला आला, त्याने पंखे काढले. दुपारी हॉलच्या मालकाने कुलूप लावलं. गेटबाहेर शंभरेक पोरं उन्हात उभी, अंगावर आमचे झगे. घामाने त्या कापडाचा रंग सुटला होता आणि पोरांच्या मानांवर काळे ओघळ आले होते. एका मुलीला उलटी झाली, तिची आई मला विचारते, तुम्ही आयोजक का? मला लाज वाटली, कशाची ते तेव्हा कळलं नाही.

मी त्याला शोधत मागच्या बाजूला गेले. स्वयंपाकघरात बसला होता. पाहुण्यासाठी मागवलेलं तळलेलं पापलेट पुढ्यात, आणि बोटं चाटत काटे बाजूला काढत होता. "काकी, गडबड झाली जरा," म्हणाला, आणि पुन्हा माशाकडे वळला. मी तशीच घरी आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी भर दुपारी तो माझ्या दुकानात आला. शटर अर्धं खाली होतं, वाकून आत शिरला आणि वाकलेलाच होता तर पाया पडला. उरलेले झगे मुंबईचा एक जण घेतोय, म्हणाला, पण शिलाईचे पैसे चुकते झाल्याचा कागद त्याला दाखवावा लागेल. कागद तो लिहूनच घेऊन आला होता, रेव्हेन्यूचं तिकीट लावून. आणि एक पाकीट. "हे तुमच्या वाट्याचे, पूर्ण. बायकांचे पंधरा दिवसांत देतो. झगे विकले की लगेच. तुम्ही फक्त सही करा. आणि सध्या त्यांना सांगू नका, उगाच माझ्या दारात येऊन बसतील."

इथे मी बरेच महिने स्वतःला एक गोष्ट सांगत आले. की मी न वाचता सही केली. घरोब्यातला मुलगा, मास्तरांचा, पाया पडलेला, आपण काय कागद वाचत बसणार, असं. आळीतल्या कुणालाही हे पटेल. आम्ही अशाच सह्या करतो, सोसायटीच्या, पतपेढीच्या, कुणाच्याही. पण चष्मा मशीनवरच होता, हाताच्या अंतरावर. मी तो लावला आणि सगळं वाचलं. तीनशे झग्यांच्या शिलाईची संपूर्ण रक्कम मिळाली, माझं आणि माझ्याकडे काम करणाऱ्या स्त्रियांचं काही येणं बाकी नाही. स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरात. मला माहीत होतं हा पंधरा दिवसांनी येणार नाही. पापलेट खाताना मी त्याला बघितला होता. मनात आलं, बुडणार तर सगळ्यांचेच, त्यात निदान आपले तरी सुटतात. आणि सही केली.

त्या पैशातून मी दात बसवले. वरची पूर्ण कवळी. तीन वर्षं एका बाजूने चावत होते, सुपारी तर विसरलेच होते. बायका म्हणाल्या, ताई, चेहरा भरला तुमचा. मी सांगितलं, मुलाने मुंबईहून पैसे पाठवले. मुलाने गेल्या दिवाळीपासून फोनही धड केला नव्हता.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. झगे विकले गेले, पैसे कुठे गेले देव जाणे. मग पेपरात नोटीस आली, कंपनी दिवाळखोरीत, ज्यांचं येणं आहे त्यांनी पुराव्यासह अर्ज करावा. मुंबईहून नेमलेले साहेब एक दिवस रत्नागिरीत बसणार होते. चौघीही यायला निघाल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला रोज बुडवता, मी जाऊन येते. त्यांना किती बरं वाटलं. एकीने मला रांगेत प्यायला कोकम सरबताची बाटली दिली.

रांगेत मांडववाला, साउंडवाला, हॉलचा मालक, तिकिटांच्या पावत्या घेतलेली कोल्हापूरची दोन पोरं. ते सगळे त्याला शिव्या घालत होते, मीही घातल्या. माझा नंबर आला. साहेब सभ्य माणूस होता. फाईल चाळली आणि तो कागद माझ्यापुढे धरला. "तुमचं तर चुकतं झालंय, बाई. सही तुमचीच ना?"

"माझीच."

"यात काही चूक असेल तर आत्ता सांगा. कुणी दबाव आणून घेतली का?"

सगळे म्हणतात वेळ निघून गेली, वेळ निघून गेली. माझी वेळ त्या खुर्चीत बसून होती, समोरचा माणूस पेन उघडून वाट बघत होता. सांगितलं असतं तर चौघींची नावं त्या यादीत लागली असती. किती मिळालं असतं कोण जाणे, पण नावं लागली असती. आणि माझं पाकीट उघड झालं असतं. मी म्हटलं, "नाही, चूक नाही. मी आपली विचारायला आले होते."

परत आले तर चौघी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. मी सांगितलं, आधी बँक, मग सरकार, मग मोठे लोक, आपल्यासारख्यांचा नंबर शेवटी, काही मिळायचं नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एकीने त्या मेल्याच्या सात पिढ्या काढल्या. काजवाली पायरीवरून उठली. मग म्हणाली, "म्हंजे जयगडला कळवून टाकू का ताई, मशीन नको म्हणून?"

"कळव," मी म्हटलं.

पावसाळ्याची बंदी उठली, बोटी बाहेर पडल्या आणि शेड पुन्हा सुरू झाली. ती पुन्हा सकाळी जायला लागली. परवा दुपारी दुकानात आली, हातात प्लास्टिकची पिशवी, आत सोललेली कोळंबी, चांगली बोटाएवढी. "आज मोठी आली होती ओ. म्हटलं ताईंना द्यावी. आमच्यासाठी रांगेत उभ्या राहिलात, परत आल्यावर आम्ही साधं पाणी पण विचारलं नाय." पिशवी धरलेली बोटं मी बघितली. अंगठ्याच्या नखाखाली मांस उघडं पडलं होतं. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. खरंच आलं होतं. मी म्हटलं, "कशाला गं आणलीस एवढी?" ती हसली आणि मोरीवर हात धुवायला गेली. लिंबू संपलं होतं, तिने नुसत्या साबणाने धुतले.

घरी येऊन मी कोळंबी धुतली, ओलं खोबरं वाटलं, आमसुलं घातली, भात लावला. पाण्याच्या वाटीतून कवळी काढून तोंडात बसवली आणि जेवायला बसले. भेळ खाणाऱ्याला मी इतके महिने शिव्या घालते आहे. एकही कोळंबी टाकली नाही, वाटी पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "गोड होती ना?"

मी म्हटलं, होती.